वाऱ्यानं पाडलेले आंबे

आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर वर्षातून एकदाच येतं, मे महिन्यात. "राज्यात सर्वाधिक तापमान चंद्रपुरात," असं बातम्या सांगणारी बाई म्हणते आणि आम्ही ओली पोती टांगलेल्या खिडकीआड बसून एकमेकांकडं असं पाहतो, जणू ते ऊन आम्हीच घरात तापवून बाहेर सोडलंय. पुण्याचा कुणी पाहुणा "कसं राहता हो तुम्ही इथं?" म्हणाला की आम्ही "काई नाई, सवय असते" म्हणतो आणि आतून टम्म फुगतो. मी माजरीकडची. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला कापसाची शेतं आणि डोक्यावर वैशाख, यात वाढलेली. उन्हाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार आहे ती ऊन पडलंच नाही त्या एका सालाची.

त्या साली मी आलापल्लीच्या पलीकडं, जंगलातल्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते. तीसेक घरं, सगळी माडिया गोंडांची. धानाची थोडी शेती, बाकी मोह, चारोळी, तेंदूपत्ता, जंगल जे देईल ते. मला तिथं येऊन आठ महिने झाले होते. लोक मला 'बाई' म्हणत, ताप आला की येत, गोळ्या नेत आणि एरवी आपापल्या कामात असत. माझं बोलणं जरा तिखट. आई म्हणते, ही तोंड उघडते तेव्हा शेजारची कोंबडी अंड्यावरून उठते. गावात माझं बोलणं गोंडीत करून सांगायचं काम आशा वर्करबाईकडं होतं. ती गावातलीच, चाळिशीची, हसरी. मी पाच मिनिटं तावातावानं बोलले की ती दोन शब्दांत सांगून मोकळी व्हायची. "एवढंच?" असं मी विचारलं की म्हणायची, "बाकीचं तुमच्या तोंडावरून समजते त्याईले."

तर त्या साली एप्रिल संपता संपता आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. लू नव्हे, चांगला गार वारा. दिवसभर सागाची वाळकी पानं गावभर खडखडत पळायची, मधूनच बारीक शिंतोडे यायचे, आणि सकाळी उठावं तर अंगावर चादर ओढावीशी वाटायची. मे महिन्यात चादर! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुले ताप आला असन, डोक्यावर पट्टी ठेव. मग दोन दिवसांनी तिच्याकडंही तसंच झालं, तेव्हा कुठं विश्वास बसला.

मी मात्र मे महिना पाळतच होते. पहाटे उठून घरभेटी उरकायच्या, दहाच्या आत परत यायचं, तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, पर्समध्ये कांदा ठेवायचा, दार-खिडक्या लावून तीनपर्यंत आत पडून राहायचं. बाहेर इतकी सुंदर हवा, गावातली माणसं झाडाखाली टोपल्या विणत गप्पा मारताहेत, आणि मी शहाणी अंधाऱ्या खोलीत घामाची वाट पाहत पडलेली. कूलरसुद्धा लावला. मेच आहे ना! दुसऱ्या दिवशी सटासट शिंका. नर्सला भर वैशाखात सर्दी झालेली पाहून आशाबाई अशी हसली की तिला खाली बसावं लागलं.

उपकेंद्राच्या समोरच एक जुनं आंब्याचं झाड होतं. रानआंबा, फळ लहान, आंबट, धाग्याचं, पण लागतं असं की पानं दिसत नाहीत. एका संध्याकाळी वाऱ्यानं जोर धरला आणि आंबे धपाधप पडायला लागले. आमच्याकडं वादळ झालं की घरातली सगळी माणसं टोपली घेऊन झाडाखाली धावतात, आधी आंबे मग बाकीचं. मीही ओढणी पसरून धावले. ओटीभर कैऱ्या गोळा केल्या. मला वाटलं गाव येईल, पण कोणी आलं नाही. मी म्हटलं, बरंच झालं. चार कैऱ्या चिरल्या, तिखटमीठ लावलं आणि उपकेंद्राच्या ओट्यावर पाय सोडून, मचामचा आवाज करत खात बसले. जाणारी-येणारी माणसं माझ्याकडं पाहायची आणि लगेच दुसरीकडं पाहायची. मी एकदोघांना फोड पुढंही केली. त्यांनी हात मागं घेतला, हसले, पुढं गेले. मला वाटलं, दात आंबत असतील.

सकाळी आशाबाईनं सालं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, पंडुम नाई झाला अजून."

पंडुम म्हणजे सण. नवं फळ, नवं धान, काहीही नवं आलं की आधी त्याचा पंडुम. गावानं एकत्र जमायचं, गायत्यानं म्हणजे गावाच्या पुजाऱ्यानं पूजा करायची, पहिला घास देवाला आणि गावात होऊन गेलेल्या जुन्या माणसांना द्यायचा. मग गावानं खायचं. तोवर नव्या आंब्याला कोणी सुरी लावत नाही, तोंड तर लांबच राहिलं.

"मग मला काल कोणी सांगितलं काऊन नाही? सारं गाव पाहून राह्यलं होतं."

"गायता म्हणला, बाई बाहेरची हाये. तिले नाई लागत."

मला ते फार लागलं. शिवी दिली असती तर मी दोन शिव्या परत दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण 'बाहेरची आहे, तिला चालतं' यावर काय बोलणार? उरलेल्या कैऱ्या मी झाडाखाली परत नेऊन ठेवल्या. त्या शेळ्यांनी खाल्ल्या. शेळ्यांचा पंडुम झालेला दिसत होता.

आंब्याचा हा सण एरवी चैत्रातच उरकतो. त्या साली तो अडकला होता तो मिरचीपायी. गावातले बरेचसे जवान नवरा-बायको दरसाल उन्हाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातात. पंडुमाला सगळं गाव लागतं, एक घर जरी बाहेर असलं तरी थांबायचं, अशी त्या गावाची रीत. आणि मिरची तोडून झाली तरी ती अंगणात वाळावी लागते, वाळल्याशिवाय मालक माणसं सोडत नाही. ऊनच नाही, तर वाळणार कशी? म्हणजे बघा, तोच एक वारा तिकडं मिरची वाळू देत नव्हता आणि इकडं आंबे झाडावर राहू देत नव्हता. रोज सकाळी झाडाखाली हिरवा सडा पडलेला असायचा आणि रोज गाव त्याला वळसा घालून जायचं.

हे सगळं मी गंमत म्हणून पाहिलं असतं, पण त्या पोरीचं काय करायचं होतं?

ती गायत्याची नातसून; त्यांचं घर त्याच झाडापलीकडं, अंगण झाडाखालपर्यंत. वय वीस-एकवीस, पहिलंच पोट, पाचवा महिना. नवरा मिरचीला गेलेला. बहुतेक बायकांच्या उलट्या चौथ्या महिन्यात थांबतात, हिच्या थांबल्या नव्हत्या. भाताची पातळ पेज दोन घोट प्यायची आणि उठून कुडापलीकडं जायची. मी दर सोमवारी तिला वजनकाट्यावर उभी करायची आणि दर सोमवारी काटा मागं जायचा. आलापल्लीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन आणली, डॉक्टरांनी सगळं तपासलं. बाळ ठीक आहे, हिला खायला घाला, म्हणाले. येत्या सोमवारी वजन आणखी उतरलं तर मात्र चंद्रपूरला भरती करावी लागेल, सलाईनवर ठेवू. हे ऐकल्यापासून ती पोरगी जास्तच वाळली. तिनं आलापल्लीच्या पुढं पाऊल टाकलेलं नव्हतं. नवरा आला आणि मी घरी नसले तर, एवढंच ती आशाबाईला पुन्हा पुन्हा विचारायची.

मी तिला विचारलं, "तुले काय खावंसं वाटते?" तिनं झाडाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. बस्स. मला आणखी सांगायची गरज नव्हती. मी चिंच दिली, उलटी. लिंबू दिलं, उलटी. मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेही गेलं. आणि घरासमोर आंबे पडताहेत, धप, धप. त्या आवाजाला ती दचकायची. ते पाहून माझा जीव तुटायचा. मला माझी लाजही वाटायची, कारण त्या दिवशी ओट्यावर बसून मी मचामचा खाल्लं ते हिनं पाहिलं असणार.

शुक्रवारी मी लबाडी केली. वजनाच्या निमित्तानं तिला उपकेंद्रात बोलावलं, आशाबाईला गोळ्यांचा डबा आणायला पिटाळलं, दार लोटलं आणि ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये झाकून ठेवलेल्या कैरीच्या फोडी तिच्या पुढ्यात ठेवल्या. "खा. कोणी नाही पाहत. मी सांगणार नाही."

तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. गिळलं तिनं. मग तिनं ट्रेवर फडकं पुन्हा नीट झाकलं, कडा दाबल्या आणि हळूच म्हणाली, "तो नाई आला अजून." मोडक्या मराठीत तिनं एवढंच सांगितलं. ती नियमाला भिऊन थांबली असेल असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. सगळ्यांनी मिळून खायचं ते नवऱ्याला सोडून आधी कसं खायचं, एवढा साधा हिशेब होता तिचा. मी ट्रे उचलून कपाटात ठेवला.

मग मी तडक गायत्याकडं गेले. सारं गाव त्यांना तादो म्हणायचं, म्हणजे आजोबा. पंचाहत्तरीचा माणूस, अंगानं काटकुळा, अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता. मी बोलायला सुरुवात केली आणि थांबलेच नाही. पोरीचं वजन, चंद्रपूर, सलाईन, बाळ, देव असा कसा, जुनी माणसं इतकी कशी हटून बसली, आंबे शेळ्या खाताहेत ते चालतं आणि पोटुशी बाई उपाशी राहते ते चालतं, सगळं. पाठीमागं झाडावरून आंबे पडतच होते. आशाबाईनं या वेळी काहीच सांगितलं नाही, नुसती उभी राहिली.

तादोनं दोरी खाली ठेवली. त्यांना मराठी बरी यायची.

"वाऱ्यानं पाडले, वारा पाहून घेईन," ते म्हणाले. "बाई, दुसऱ्याची नातसून असती तर म्या गावाले बसवून विचारलं असतं, काय करू. ही माझी हाये. माझ्या घरासाठी म्या दिवस पुढं आणला, तर उद्या माझं कोण ऐकन?"

बोलताना ते सारखे आपल्या घराच्या दाराकडं पाहत होते. मी एवढा वेळ त्यांना दगड समजत होते. तो माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता, फक्त त्याला ओरडायची सोय नव्हती. मी बाजेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "मंग आता काय करू, तादो?" ते म्हणाले, "मले माहीत असतं तर दोरी वळत बसलो असतो काय?"

शनिवारी दुपारी मी जेवायला बसले होते. भात, वरण, आणि ताटाच्या कडेला आईनं दिलेलं आंब्याचं लोणचं. बरणी संपत आली होती, तळाचा खार नि दहा-बारा फोडी उरल्या होत्या. ती पोरगी रक्तवाढीच्या गोळ्या न्यायला दारात आली. आली आणि तिथंच थबकली. नाक वर करून तिनं वास घेतला. मला वाटलं झालं, आता पळते बाहेर. पण ती पळाली नाही. उलट एक पाऊल आत आली आणि माझ्या ताटाकडं पाहत राहिली.

माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ महिने मी ते लोणचं रोज दोन वेळा खातेय आणि आठ दिवस या पोरीसाठी डोकं फोडतेय! नव्या आंब्याला बंदी. हा आंबा जुना.

बरणी काखेत मारली आणि तादोचं अंगण गाठलं. मागून पोरगी, तिच्या मागून आशाबाई, आणि आम्हाला असं वरातीसारखं जाताना पाहून मागून आणखी चार बाया.

तादोनं बरणी हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला. घाईनं 'हो' म्हणणारा माणूस तो नव्हता.

"कोणत्या सालचा?"

"मागच्या."

"मागच्या सालचा तं मागच्या सालात गेला," असं म्हणून त्यांनी बरणीला झाकण लावलं. मग म्हणाले, "पण तुमच्या गावी पंडुम झाला होता का? कापायच्या आधी?"

आता आली का पंचाईत. माजरीकडं कुठला पंडुम! 'झाला होता' म्हणून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. पण ती पोरगी माझ्याकडं पाहत होती. काल फडक्याच्या कडा दाबून बसवणाऱ्या पोरीसमोर मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मला माहीत नाही. आईला विचारते."

गावात फोनला रेंज फक्त नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यापाशी. मग तादोसकट सगळी वरात पुलावर. वारा असा की साडीचे पदर, माझी ओढणी, सगळं एका दिशेनं उडतंय. फोन लागला, मी स्पीकर लावला आणि ओरडून विचारलं, "आई, मागच्या साली लोणच्याचे आंबे कापायच्या आधी आपण काही पूजा-बिजा केली होती काय व?"

"काऊन? लोणचं बिघडलं काय?" आई. तिला आधी लोणच्याचीच काळजी.

"नाही बिघडलं. तू सांग ना."

"अवो, विचारून काय राह्यली अशी? अक्षय तृतीयेले पितरांचं पान वाढल्याबिगर आपल्या घरी नव्या आंब्याले कोणी हात लावते काय? तुह्या आजीच्या काळापासून नाई लावत. तू लहानपणी एकदा चोरून खाल्ला होता तं मार खाल्ला होता, विसरली?"

विसरले होते. खरंच विसरले होते. आठ दिवस मी या गावाला जे म्हणून बोलले होते, ते सगळं माझ्या स्वतःच्या घराला लागू होतं. आशाबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि ओठ दाबून धरले. तिला त्या दिवशी हसू आवरलं याबद्दल मी तिचे उपकार मानते.

तादो फोनजवळ वाकले आणि थेट आईलाच विचारू लागले, "माय, पहिला आंबा कोणाले देला होता?"

मग आई म्हणाली, "हिच्या बाबाले. मागच्या साली त्याईचं पहिलंच वर्ष होतं."

आणि फोन कटला. तिथं रेंज अशीच येते नि जाते.

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. खाणीत नोकरी केली, निवृत्त झाले, दोन वर्षं अंगणात झाडं लावली आणि एका हिवाळ्यात गेले. मी रडून घेतलं, दिवस-वार झाले, मग बदली झाली आणि मी या गावात आले. इथं कोणाला मी त्यांच्याबद्दल सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

तादो सरळ उभे राहिले. "मंग हा त्याचा आंबा हाये," ते म्हणाले. "त्याले देऊ, मंग खाऊ."

अंगणात परत आलो. तादोनं पळसाचं पान आणवलं, झाडाखालची जागा हातानं झाडली, पान मांडलं. बरणीतली एक फोड त्यावर ठेवली. मग मला विचारलं, "तुझ्या बाचं नाव काय?" मी सांगितलं. वाऱ्यात त्यांना ते नीट ऐकू आलं नाही, तर आशाबाईनं ते नाव पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तादो जमिनीला हात लावून गोंडीत काहीतरी बोलू लागले. त्यांच्या बोलण्यात बाबांचं नाव दोनदा आलं. त्यांच्या तोंडी ते जरा वेगळं वाटत होतं, मधला स्वर लांबलेला. मला शब्द कळत नव्हते. आशाबाई कानाशी म्हणाली, "सांगून राह्यले, तुह्या घरचा आंबा आमची पोरगी खाऊन राह्यली, राग नको मानू, तूबी जेव." मी ओढणी तोंडात धरली. सर्दीमुळं नाक वाहतंय असं दाखवायची सोय होती, ती मी वापरली.

मग पोरीला भात वाढला. तिनं लोणच्याची फोड भातात कुस्करली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. अंगणात आठ-दहा माणसं श्वास रोखून. दुसरा घास. तिसरा. कोणी हललं नाही. तिनं डोळे उघडून आमच्याकडं पाहिलं, लाजली आणि ताट पुढं केलं. आणखी भात पाहिजे होता. तादो बाजेवर बसले आणि दोरी हातात घेतली, पण वळली नाही. नुसती धरून बसले. मी बरणी तिच्या सासूच्या हातात दिली आणि रोज किती द्यायचं ते सांगितलं. मीठ जास्त नको, एका वेळी अर्धीच फोड, वगैरे. आशाबाईनं ते नेहमीप्रमाणं दोन शब्दांत सांगितलं.

सोमवारी काटा मागं गेला नाही. पुढच्या सोमवारी पुढं सरकला. चंद्रपूर टळलं. मिरचीवाली मंडळी आली, गाव जमलं, पंडुम झाला, नवरा-बायकोनं शेजारी बसून आंबा खाल्ला आणि मीही रांगेत बसून खाल्ला. भादव्यात मुलगी झाली, माझ्याच हातावर, चांगली ठणठणीत. पण मला सांगायचंय ते त्या शनिवारच्याच संध्याकाळचं.

फोन अर्धवट कटला होता, आई वाट पाहत असेल म्हणून मी पुन्हा पुलावर गेले. तिला सगळं सांगितलं. पोरगी जेवली, दोनदा भात घेतला, उलटी नाही. आई म्हणाली, बरं झालं माय. मग मी म्हटलं, "आई, इथल्या लोकांनी बाबांना वाढलं. झाडाखाली पान मांडून. नाव घेऊन."

पलीकडचा टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. रेंज गेली की काय म्हणून मी फोन पाहिला. होती.

"पाणी ठेवलं होतं का बाजूले?" तिनं विचारलं. "लोणच्यानं त्याईले ठसका लागे."

मी म्हटलं, "हाव, ठेवलं होतं."

ठेवलं नव्हतं. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फोन ठेवला, खोलीवर गेले, तांब्या घासला, भरला, आणि अंधार पडायच्या आत तादोचं अंगण गाठलं. पानावर फोड नव्हती. कोंबडीनं नेली असेल, मुंग्यांनी नेली असेल. मी तांब्या पानाजवळ टेकवला. बाजेवरून तादोनं विचारलं, "काय झालं?"

"पाणी राह्यलं होतं, तादो. त्यांना तिखटाचा ठसका लागायचा."

म्हातारा उठून बसला आणि माझ्यावर चांगलाच खेकसला. "मंग आता आणून राह्यली काय? दुपारपासून ठसकून राह्यला असन तो."

मी त्यांना सॉरी म्हटलं. मग बाबांनाही म्हटलं, आणि तिथंच पानाजवळ मांडी घालून बसले.